नऊ फूट सहा इंच: लाँगबोर्ड बनवून घेताना शेपरला काय सांगायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुक्काम सॅन डिएगो, वजन 80 किलो, उंची 5 फूट 7 इंच. चार वर्षं दुकानातून घेतलेल्या 9 फुटी बोर्डवर सर्फिंग चाललंय, शनिवार-रविवार सॅन ओनोफ्रे किंवा टर्मालिन, कधीमधी कार्डिफ, या तिकडच्या सर्फिंगच्या जागांवर. आता शेपरकडून, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्या कारागिराकडून, आपल्या मापाचा लाँगबोर्ड करून घ्यायचाय. नोजवर, म्हणजे बोर्डच्या पुढच्या टोकाकडे, चालायला शिकायचंय, वळणंही मारायचीत, बोर्ड हलका हवा, टिकाऊ हवा, आणि डिसेंबरात गोव्याला घरी जाताना नेता आला तर फारच छान. सामान पीयू की ईपॉक्सी, तळाला एक फिन (दिशा धरणारं पातं) की तीन, टेल (मागचं टोक) कुठली?

एवढं सगळं एका बोर्डात मावत नाही. नोजवर स्थिर उभं राहायचं तर टेल लाटेत रुतून बसली पाहिजे. झटक्यात वळायचं तर तीच टेल सुटली पाहिजे. हलकेपणा आणि टिकाऊपणाचंही तेच. कस्टम बोर्डवरचे पैसे बहुतेक इथेच वाया जातात. गिऱ्हाईक सगळं मागतं, शेपर भिडेखातर सगळ्यातलं थोडं थोडं घालतो, आणि कशालाच धड उपयोगी न पडणारा बोर्ड घरी येतो.

तुमच्या लाटा बघता कौल सरळ नोजरायडरच्या, म्हणजे नोजवर उभं राहण्यासाठी घडवलेल्या बोर्डच्या, बाजूने आहे. सॅन ओनोफ्रेची लाट लांबून उठते, गोट्यांच्या तळावर सावकाश ढासळते, मधेच सपाट पडते आणि पुढे पुन्हा उभी राहते. टर्मालिन त्याहून मऊ. अशा लाटेवर झटकेबाज वळणांना उतारच मिळत नाही. तिथे लागतो तो सपाट पट्टा पार करून नेणारा वेग, आणि तो वेग बोर्डच्या वजनातून आणि सरळ रॉकरमधून, म्हणजे नोजपासून टेलपर्यंतच्या कमी बाकातून, येतो. शेपरकडे गेल्यावर पहिलं वाक्य लाटेचं नाव असू दे. दुसरं, वर्षभराने तुम्हाला बोर्डवर कुठे उभं राहायचंय ते. तिसरं, सध्याच्या बोर्डचं काय खटकतं. "रॉकर साडेचार इंच ठेव" असं तिथे जाऊन सांगू नका. प्रत्येक शेपर रॉकर आपल्या पद्धतीने मोजतो आणि एकाचे साडेचार दुसऱ्याच्या चारएवढे निघू शकतात.

तरी आकडे माहीत असावेत, म्हणजे ऑर्डरच्या कार्डावर तो काय लिहितोय ते कळतं. तुमच्यासाठी लांबी 9 फूट 6 इंच, रुंदी 23 इंच, जाडी 3 इंचाला एक सूत कमी किंवा पुरती 3. शेपर इंचाचे आठवे भाग मोजतात आणि आपल्या सुताराचं सूत म्हणजे नेमका इंचाचा आठवा भाग, तेव्हा हिशेब परका वाटायला नको. टोकापासून 12 इंचांवर नोजची रुंदी साडेअठरा, टेलची तशीच मोजलेली रुंदी 15 च्या आसपास. घनफळ 72 ते 76 लिटर भरेल. छोट्या बोर्डात लिटरला महत्त्व असतं, लाँगबोर्डात त्यावर फार विसंबू नये. तेच 74 लिटर मधोमध गोळा केले तर रेल, म्हणजे बोर्डच्या दोन्ही कडा, पातळ राहतात, कडांकडे पसरले तर रेल डब्यासारख्या होतात, आणि पाण्यात दोन्ही बोर्ड पूर्ण वेगळे वागतात.

रुंदी ठरवण्याआधी घरी एक करून बघा. पुठ्ठ्याची 23 इंच रुंद पट्टी कापा, काखेत धरा आणि खालची कड बोटांच्या पेरांत पकडता येते का पाहा. सॅन ओनोफ्रेला गाडीपासून पाण्यापर्यंत फार चालावं लागत नाही, पण वारा असेल त्या दिवशी पकडता न येणारा 8-9 किलोचा बोर्ड शिडासारखा फिरतो. हात पुरत नसेल तर रुंदी अर्धा इंच कमी करा आणि लांबी दोन इंच वाढवा. तरंगण्यात काही फरक पडणार नाही.

आता नोजरायडिंगचं खरं यंत्र, म्हणजे मागचे तीन फूट. लोक नोजच्या रुंदीवर आणि तिथल्या खोलगटपणावर तास तास बोलतात. माणूस मात्र नोजवर उभा राहू शकतो तो मागचं टोक धरलेलं असतं म्हणून. नळाची धार सोडून पळीची पाठ हलकेच तिला टेकवा. पळी दूर ढकलली जाईल असं वाटतं, पण ती धारेकडे ओढली जाते, कारण गोल पाठीला चिकटून पाणी वळतं. बोर्डच्या गोल, मऊ रेलभोवती पाणी असंच वळतं आणि टेलला लाटेच्या भिंतीत ओढून धरतं. त्यात टेलच्या शेवटच्या 14-16 इंचांत रॉकर चांगला उचललेला असला की तो भाग पाण्यात ब्रेकसारखा बसतो, आणि ढासळणारं पाणी टेलच्या पाठीवर पडून तिला आणखी दाबतं. पुढे 80 किलो, मागे पाण्याचं हे वजन, असा तराजू जमतो.

त्यातून तीन गोष्टी निघतात. रेल मधल्या भागात 50/50, म्हणजे सर्वांत फुगीर रेषा जाडीच्या बरोबर मध्यावर, आणि ती मऊ गोलाई टेलपर्यंत बरीचशी तशीच ठेवायची. टेलजवळ खालची कड धारदार केली की पाणी तिथून तुटतं, बोर्ड वेगवान आणि वळायला हलका होतो, पण ओढून धरणं संपतं. परफॉर्मन्स लाँगबोर्डला ती धार हवीच. तुम्हाला शेवटच्या 5-6 इंचांत नावापुरती पुरे. दुसरं, टेल चौकोनी, इंग्रजीत ज्याला स्क्वेअर टेल म्हणतात ती. मागे क्षेत्रफळ जास्त, दाबून धरायला जागा जास्त. पिनटेल दिसायला देखणी असते, मोठ्या आणि उभ्या लाटेत धरतेही छान, पण छातीएवढ्या मऊ लाटेत तिला धरायला फार काही नसतं. तिसरं, टेलखाली हलकी व्ही (तळाची मधली रेषा बाहेर, दोन्ही बाजू आत) किंवा गोलसर पोट. रुंद चौकोनी टेल एका रेलवरून दुसऱ्या रेलवर टाकायला जड जाते. व्हीमुळे ती कुशीवर वळायला सोपी होते. तुम्हाला हवी असलेली वळणं या बोर्डात मिळतील ती इथून: मागे जाऊन, पाय टेलवर रोवून, संथ आणि मोठी.

नोजखालच्या खोलगटपणाला कॉन्केव्ह म्हणतात. 30 ते 36 इंच लांब आणि सर्वांत खोल जागी दीड सूत पुरेल. त्याहून खोल केला की पॅडलिंग करताना, म्हणजे हातांनी वल्हवताना, पुढचं पाणी अडकल्यासारखं वाटतं आणि वाऱ्याने खवळलेल्या पाण्यात बोर्ड थाडथाड आपटतो. नोजचा रॉकर मध्यम, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या पावलापासून मध्यापर्यंतची रेषा जवळजवळ सरळ. फार सपाट नोज ब्लॅक्ससारख्या ठिकाणी, वाळूच्या तळावर फुटणाऱ्या उभ्या लाटेवर, नाकाने बुडी मारतं, पण या बोर्डला तिथे न्यायचंच नाही. स्टेप डेक, म्हणजे पुढचा तिसरा भाग वरून पायरीसारखा खाली घेऊन नोज पातळ करणं, दिसायला सुरेख आहे आणि नोजचं वजनही उतरवतं. त्या पायरीवर काचकापड (फायबरग्लास) नीट बसवायला मात्र ग्लासर, म्हणजे ते चढवणारा कारागीर, कसलेला हवा, नाहीतर पायरीच्या खाचेत हवेचे बुडबुडे राहतात आणि पहिली भेग तिथेच पडते. पहिल्या कस्टम बोर्डला टाळलेलं बरं.

फिन एकच, बॉक्समधली, म्हणजे तळातल्या खाचेत मागेपुढे सरकवता येणारी. 2+1, म्हणजे मधे 7 इंची आणि बाजूला दोन छोट्या, ही रचना धारदार रेलच्या बोर्डसाठी आहे. मऊ रेल आणि चौकोनी टेलवर बाजूच्या फिन्स नुसता अडथळा करतात. आकाराचा ढोबळ नियम: बोर्ड जितके फूट, फिन तितके इंच. तुम्हाला साडेनऊ किंवा 10 इंची, बऱ्यापैकी उभी आणि वरच्या टोकालाही रुंद अशी, जिला पिव्हट म्हणतात. फार मागे झुकलेली फिन लांब वळणं काढते, पण नोजवर असताना टेल कमी धरते. बॉक्स नेहमीचा साडेदहा इंची. त्याचं मागचं टोक टेलपासून 5-6 इंचांवर येऊ द्या. लाकडी फिन काचकापडाने कायमची बसवून घेण्याचा मोह होईल. घेऊ नका. पुढे-मागे सरकवता येत नाही, आणि गोट्यांवर आपटली तर फिनबरोबर बोर्डचा तळही सोलून निघतो.

इथपर्यंत आकार ठरला. सामान त्याच्या मागोमाग येतं, आणि बहुतेक लोक ते उलट करतात: आधी ईपॉक्सी हवा म्हणून ठरवतात आणि मग त्यात नोजरायडर शोधतात.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा ब्लँक (ज्यातून बोर्ड घडवतात तो ठोकळा) आणि त्यावर पॉलिएस्टर रेझिन. 1958 मध्ये हॉबी अल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी दक्षिण कॅलिफोर्नियात बाल्सा लाकूड सोडून हा फोम वापरायला घेतला, तेव्हापासून लाँगबोर्ड मुख्यतः यातच बनतो. 5 डिसेंबर 2005 ला क्लार्कची ब्लँक बनवणारी कंपनी, क्लार्क फोम, अचानक बंद पडली आणि शेपरांची पळापळ झाली. आज दुसऱ्या कंपन्यांचे ब्लँक तिथे मिळतात. ईपॉक्सी बोर्ड म्हणजे ईपीएस फोम, जातीने आपलाच थर्माकोल, आणि त्यावर ईपॉक्सी रेझिन. ही जोडी बदलता येत नाही. पॉलिएस्टरमधलं स्टायरिन थर्माकोल विरघळवतं, म्हणून ईपीएसवर ईपॉक्सीच लागतं. पीयूवर मात्र दोन्ही चालतात.

वजनाचा हिशेब कागदावर मांडून बघा. 74 लिटरच्या बोर्डात पीयू फोम सुमारे सव्वातीन किलो. पाव इंची, म्हणजे दोन सुताचा, बासवुडचा स्ट्रिंगर (फोमच्या मधोमध बसवलेली लाकडी पट्टी) अर्धा किलो. 6 औंसाचं काचकापड म्हणजे चौरस मीटरला सुमारे 200 ग्रॅम. बोर्डची एक बाजू रेलवरच्या घडीसकट दीड चौरस मीटर, म्हणजे 300 ग्रॅम कापड आणि जवळजवळ तितकंच रेझिन. थोडक्यात, प्रत्येक जादा थर सव्वापाचशे ते सहाशे ग्रॅम. वर दोन थर, खाली एक, त्यावर हॉटकोट आणि ग्लॉस हे रेझिनचे वरचे थर आणि फिनबॉक्स धरला की बोर्ड साडेसात किलोच्या आसपास जातो. तोच बोर्ड दोन पौंडी (घनफुटाला दोन पौंड वजनाच्या) ईपीएसमध्ये केला तर फोममध्ये किलोभर वाचतो, आणि लोक बहुधा कापडही हलकं घेतात, म्हणून तो साडेपाच-सहावर येतो.

हे वाचलेले दीड-दोन किलो तुमच्या उपयोगाचे नाहीत. हलका बोर्ड सॅन ओनोफ्रेच्या सपाट पट्ट्यात थांबतो, आणि दुपारच्या वाऱ्यात पाण्यावर टणटण उडतो. जड बोर्ड एकदा चालू लागला की चालत राहतो, आणि नोजकडे जाताना प्रत्येक पावलाला डगमगत नाही. म्हणून पीयू, पॉलिएस्टर, कापड वर 8 आणि 6 औंसाचे दोन थर, खाली 8 चा एक. वजन आठ किलोच्या आसपास होईल. बजेट ताणता येत असेल तर वर 10 औंसाचं व्होलान कापड घ्या. क्रोमवर आधारित प्रक्रियेमुळे त्याला हिरवट झाक येते, तीच जुन्या बोर्डांवर दिसते. टाचांचे खड्डे त्यावर कमी पडतात. पैसे कुठे घालायचे असा प्रश्न आला तर क्रम असा: कापड, मग ग्लॉस, मग स्ट्रिंगर, आणि रंग सर्वांत शेवटी.

ब्लँकबद्दल एकच सूचना, पण ती कामाची. साच्यातून निघालेल्या पीयू ब्लँकची वरची कातडी सर्वांत घट्ट असते. आत जावं तसा फोम मऊ. जाडजूड ब्लँक घेऊन वरून इंचभर रंधला तर तुमच्या टाचा नेमक्या मऊ फोमवर येतात. म्हणून ब्लँक शेवटच्या जाडीच्या जवळचा घ्यायचा आणि जास्तीचा फोम खालून काढायचा. चांगला शेपर हे करतोच, पण "डेकची कातडी राखशील ना?" एवढं विचारलं की समोरचा माणूस कळतो. तीन स्ट्रिंगर शोभेचे जास्त. किलोभर वजन आणि ताठपणा वाढतो. तुमच्या वजनाला दोन सुताचा एक पुरे.

रंगाचं थोडक्यात. पारदर्शक टिंट किंवा फिकट अपारदर्शक रंग घ्या. गडद निळा-काळा बोर्ड गाडीच्या टपावर तासभर उन्हात राहिला की आतली हवा फुगते आणि कापड फोमपासून सुटतं. थर्माकोलच्या बोर्डात तर हा धोका दुप्पट. रंगीत रेझिन हार्डनर घालूनच गोठवावं लागतं, उन्हाने गोठणारं रेझिन तिथे चालत नाही, कारण रंगद्रव्य प्रकाश अडवतं आणि तळचा थर कच्चा राहतो. कुणी स्वस्तात आणि दोन दिवसांत गडद रंग देतो म्हणाला तर रेझिन कसं गोठवणार, हे विचारून घ्या.

गोव्याचं सांगायचं तर हा बोर्ड नेऊ नका. साडेनऊ फुटांचं सामान कित्येक विमान कंपन्या घेतच नाहीत, आणि घेतलं तरी मोपाहून अश्व्यापर्यंत टॅक्सीच्या टपावर बांधून न्यायचं काम उरतंच. डिसेंबरात तिथे लाट गुडघा ते कमरेएवढी. सर्फ स्कूलचा भाड्याचा बोर्ड भागवतो. उद्या कधी एखादा बोर्ड तिथेच कायम ठेवायचा झाला तर तोही पीयूचाच ठेवा. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्यांकडे पॉलिएस्टर रेझिन आणि काचकापड सहज मिळतं, ते पीयूला चालतं. तेच रेझिन ईपीएसवर ओतलं तर डोळ्यांदेखत खड्डा पडतो. एक इशारा: तिथलं रेझिन बऱ्याचदा कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्यांसह देतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. त्या दोन बाटल्या एकमेकींत कधीही थेट मिसळायच्या नाहीत. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो.

बोर्ड घ्यायला जाल तेव्हा घाई नको. दोन सरळ पट्ट्या बरोबर न्या, लाकडी फुटपट्ट्याही चालतील. एक नोजपासून फूटभर आत आडवी ठेवा, दुसरी टेलपासून फूटभर आत, आणि मागून डोळा त्या पातळीवर आणून बघा. दोन्ही कडा समांतर दिसल्या पाहिजेत. एक तिरकी दिसली तर बोर्डला पीळ आहे, आणि तो कुठल्याही फिनने सुटत नाही. दोरा नोजच्या टोकापासून टेलच्या मध्यापर्यंत ताणा. फिनबॉक्सची खाच त्याच्या बरोबर खाली हवी. मग बोर्ड उजेडाकडे तिरका धरून रेलवर नजर फिरवा. पांढरट विणकाम दिसतंय तिथे रेझिन जास्त निपटलं गेलंय आणि कापड कोरडं आहे, त्यातून पाणी शिरेल. बोटाच्या नखाने डेकभर टकटक करा. कुठे पोकळ आवाज आला तर कापड सुटलंय. कट लॅप असेल, म्हणजे रंगीत कापड टेपच्या कडेने ब्लेडने कापलं असेल, तर त्या रेषेवर अंगठा फिरवा. ब्लेड खोल गेलं असेल तर रेषेवर बारीक खाच लागते, आणि पुढे बोर्ड तिथेच चिरतो. या सगळ्या गोष्टी शेपरसमोर बोलायला संकोचू नका. तो स्वतःही तेच बघत असतो.

नवा बोर्ड लगेच पाण्यात घालू नका. पॉलिएस्टर हाताला कडक लागलं तरी पुरतं घट्ट व्हायला तीनेक आठवडे जातात, आणि पहिल्या आठवड्यात पडलेले टाचांचे खड्डे जन्मभर राहतात. तोवर सावलीत, आडवा ठेवा. मग फिन बॉक्सच्या मधोमध लावा, स्क्रू बेताने आवळा आणि तीन-चार सेशन काही हलवू नका. नोजवर जाताना टेल घसरत असेल तर फिन अर्धा इंच मागे न्या. मागे उभं राहून बोर्ड वळतच नसेल तर अर्धा इंच पुढे. एका वेळी अर्ध्या इंचाहून जास्त नाही, आणि प्रत्येक जागी निदान दोन सकाळी घालवा. एका सकाळच्या लाटांवरून फिन नडली की लाट नडली हे कळत नाही.